बर्फात थांबायचं कशावर

हिवाळ्याचे वेगळे टायर असतात असं बडोद्यात कुणाला सांगितलं तर समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, उन्हाळ्यात त्यांचं करायचं काय? प्रश्न तसा बरोबरच आहे. आमच्याकडे थंडी म्हणजे उत्तरायणाचे पतंग, उंधियू, सकाळी घातलेला स्वेटर अकरा वाजता ॲक्टिव्हाच्या डिकीत, आणि अगदीच कहर झाला तर बाथरूममधली खोबरेल तेलाची बाटली गोठते ती उन्हात ठेवायची, बस्स. त्यासाठी गाडीचे चार टायर काढून दुसरे चार लावायचे म्हणजे माणसाला वेडातच काढतील.

मी मकरपुऱ्यात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे टायरचं खातं बघतो, म्हणजे कुठल्या गाडीला कुठला टायर, कुठला रिट्रेडला, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवायला पाठवायचा, कुठल्या केसिंगमध्ये, म्हणजे टायरच्या सांगाड्यात, आता दम उरला नाही, ड्रायव्हर खरं बोलतोय की जॅक आणि स्टेपनी दोन्ही विकून आलाय, हे सगळं. त्यामुळे नात्यात, सोसायटीत, दांडिया बाजारातल्या गणपतीच्या मंडळात कुणालाही टायर घ्यायचा असला की फोन मला. तसाच भाच्याचा आला, पण एडमंटनहून. तो तिकडे अल्बर्टात शिकायला गेला आणि मग तिथेच लागला, घरांमधल्या फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या, दुरुस्त करायच्या कामाला, आणि त्या कामासाठी त्याने जुना पिकअप घेतला. तिकडे पिकअपलाच ट्रक म्हणतात, आपल्या दहाचाकी-बाराचाकीशी त्याचा काही संबंध नाही, पण ताई इकडे सगळ्यांना सांगत सुटली की मुलाने ट्रक घेतला, आणि अर्ध्या नातेवाइकांना वाटलं शिकून सवरून पोरगा ड्रायव्हर झाला की काय.

तर प्रश्न असा की ट्रकचे टायर संपलेत आणि त्याला ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता, माती, दगड सगळ्यावर चालणारे, घ्यायचेत. फोटो पाठवला, जाडजूड ठोकळे, बाजूला पांढरी मोठी अक्षरं, बघूनच वाटावं की हा टायर हिमालय चढून जाईल. दुकानदार म्हणतो बाराही महिने चालेल, दुसरा सेट नको, वेगळे रिम नकोत, दर ऑक्टोबरला आणि एप्रिलला बदलायची झंझट नको. "मामा, एकदाच पैसे, विषय संपला," असं तो म्हणाला आणि मला त्याच्या तोंडून माझी ताई बोलताना ऐकू आली. कारण आमचं घरच तसं आहे. शाळेचे बूट एक नंबर मोठे, सोफा म्हटला की तो कम बेडच, लग्नात शिवलेला सूट पुढची पंधरा लग्नं आणि दोन इंटरव्ह्यू. बडोद्यातला मराठी माणूस गुजरात्यांमध्ये राहून व्यापार किती शिकला माहीत नाही, पण एकातच दोन कामं भागवायची ही विद्या त्याच्याकडे दोन्ही बाजूंनी आलेली आहे.

तरी मी त्याला सांगितलं की हे घेऊ नकोस, निदान तू जिथे गाडी चालवतोस तिथे तरी नाही. आणि मग का नाही ते सांगण्यात कितीतरी फोन गेले.

पहिली गोष्ट म्हणजे टायर बघताना आपण सगळेच नक्षी बघतो. आमच्या धंद्यातही तेच, पुढे रिब, मागे लग, ही बाराखडी. पुढच्या चाकाला लांब सरळ पट्टे कारण त्याला वळायचंय, मागच्याला आडवे जाड ठोकळे कारण त्याला ओढायचंय. नक्षीवरून काम ओळखायची ही सवय हाडात भिनलेली असते. पण थंडीत नक्षी नंतर येते, आधी येतं रबर. खोबरेल तेल जसं थंडीत बाटलीत घट्ट बसून राहतं तसंच रबराचंही होतं, फक्त त्याचा आकडा वेगळा. नेहमीच्या उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली हळूहळू ताठर व्हायला लागतं. दिसताना काही फरक दिसत नाही, हात लावला तरी कळणार नाही, पण रस्त्याच्या बारीक खडबडीत दबून बसायची जी ताकद असते ती कमी होते, आणि पकड म्हणजे बरीचशी तीच ताकद. हिवाळी टायरच्या रबरात सिलिका वगैरे घालून मिश्रण असं केलेलं असतं की उणे वीसलाही ते मऊ राहावं. म्हणजे ७ हा आकडा बर्फाचा नाहीच, कोरड्या डांबराचाही आहे. रस्ता स्वच्छ आहे, बर्फ नाही, म्हणून टायरला काही होत नाही असं नसतं.

रबर थंडीत कसं फसवतं याचं सगळ्यात मोठं आणि वाईट उदाहरण टायरचं नाहीच. १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर यान उडाल्यावर ७३ सेकंदांत फुटलं, सात माणसं गेली, त्याच्या मुळाशी रॉकेटच्या जोडातली रबराची रिंग होती, जी त्या थंड सकाळी पुरेशी फुगून जागेवर बसली नाही. नंतर चौकशीत रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने त्याच रबराचा तुकडा क्लॅम्पमध्ये दाबून बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला आणि बाहेर काढून दाखवलं की दाब काढल्यावर तो लगेच मूळ आकारात येत नाही. शून्य अंशाचं साधं पाणी, बाकी काही नाही. मी भाच्याला म्हटलं, तुझ्याकडे तर जानेवारीत उणे तीस होतं काही रात्री, मग टायरच्या रबराला कमी समजू नकोस.

मग ऑल-टेरेन वाईट का? अजिबात नाही, चांगला टायर आहे, पण तो बनवलाय खडी, माती, चिखल, दगड यांच्यासाठी. त्याचं रबर सहसा मुद्दाम कडक ठेवतात कारण खडीवर ठोकळ्यांचे लचके निघतात, कडक असेल तर कमी निघतात. ठोकळे मोठे आणि मधली जागा रुंद, म्हणजे चिखल फेकला जावा. ताज्या खोल बर्फात ही रुंद जागा कामालाही येते, बर्फ त्यात गच्च भरतो आणि भरलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो, बर्फाला बर्फ चांगला चिकटतो, म्हणून पहिल्या हिमवर्षावात ऑल-टेरेनवाला खूश असतो. गंडतं ते पुढे. त्या बर्फावरून दिवसभर गाड्या जातात, चौकात ब्रेक मारून मारून तो घासला जातो, थोडा वितळतो, रात्री परत गोठतो आणि आरशासारखा पातळ थर तयार होतो. तिथे मोठा ठोकळा नुसता घसरतो. तिथे लागतात बारीक चिरा, शेकडो, ठोकळ्याच्या अंगावर ब्लेडने मारल्यासारख्या, ज्यांच्या कडा बर्फाला ओरबाडतात आणि वरचं पाण्याचं कातडं आत ओढून घेतात. हिवाळी टायर जवळून बघितला तर तो सगळा असा चिरलेला असतो. आपल्याकडच्या टायरवाल्याला दाखवला तर तो म्हणेल हा माल डिफेक्टिव्ह आहे, परत पाठवा.

आणि एक उलटी गोष्ट, जी आपल्यासारख्यांना खरी वाटत नाही. उणे तीसचा बर्फ सगळ्यात घसरडा नसतो. सगळ्यात घसरडा असतो शून्याच्या आसपासचा, कारण त्यावर पाण्याचा थर जास्त असतो. म्हणजे नोव्हेंबर आणि मार्च, जेव्हा माणूस म्हणतो आता काय एवढी थंडी नाही, तेव्हाच जास्त जपायचं.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, पण मामा माझी गाडी फोर बाय फोर आहे ना. हे वाक्य मी इथेही ऐकतो, आपल्या गोत्री आणि अलकापुरीतल्या थारवाल्यांकडून, ज्यांनी ऑल-टेरेन लावलेत आणि ज्यांचा सगळ्यात अवघड टेरेन म्हणजे मॉलचं बेसमेंट पार्किंग. (टायरचा आवाज येतो, ॲव्हरेज पडतं, पण फोटो भारी येतात, चालतंय.) फोर बाय फोर चारही चाकांना ओढायला लावतं, म्हणून गाडी सुटते. ब्रेक मात्र टू-व्हील ड्राइव्हलाही चारही चाकांवर असतात, थांबताना फोर बाय फोरने एक मीटरही मिळत नाही. उलट सुटायला सोपं गेल्यामुळे माणसाला वाटतं रस्ता ठीक आहे.

मी त्याला वहीवर हिशेब करून फोटो पाठवला. ताशी ५० किलोमीटरला कोरड्या डांबरावर घर्षणाचा आकडा ०.८ धरला तर नुसतं ब्रेकचं अंतर साधारण १२ मीटर. बर्फाच्या थरावर ०.१ धरला तर तेच अंतर १०० मीटरच्या जवळ जातं. आता रबर आणि चिरांमुळे ०.१ चं ०.१५ झालं असं धर, दिसायला एवढासा फरक, पण १०० चे ६५ होतात. म्हणजे समजा न्यायमंदिरापासून ब्रेक लागला तर ३५ मीटर आधी उभी राहिली गाडी, तेवढ्यात सेव-उसळच्या दोन लाऱ्या, म्हणजे हातगाड्या, आणि त्यांच्यापुढची गर्दी मावते. आणि वेग दुप्पट केला तर अंतर चौपट, हे तर शाळेतलंच. हा धरलेला हिशेब आहे, कुठल्या टायरचा दाखला नाही, पण किती खालच्या आकड्यावर किती मोठा खेळ असतो ते त्यातून दिसतं.

तेव्हा तो जरा शांत झाला, आणि मग खास आमच्या घराण्याचा प्रश्न आला: मग मागचे दोनच हिवाळी घेतले तर? ट्रक एरवी मागच्याच चाकांवर चालतो ना, तूच तर म्हणतोस मागे लग. आता बघा, हे लॉजिक आमच्या यार्डात शंभर टक्के बरोबर आहे आणि तिथे शंभर टक्के धोक्याचं. मागे पकड आणि पुढे नाही म्हणजे गाडी सुटेल मस्त, पण स्टिअरिंग फिरवलं तरी नाक सरळच जाईल, आणि ब्रेकचा बराच भार पुढच्या चाकांवरच येतो. आणि पुढे पकड, मागे नाही, म्हणजे वळणावर मागचा भाग पुढे यायला बघणार, त्यात पिकअपचा डाला रिकामा असला तर मागे वजनच नसतं. म्हणून तिकडचे लोक हिवाळ्यात डाल्यात मागच्या ॲक्सलच्या वर वाळूच्या गोण्या टाकून फिरतात. चारच्या चार घे, नाहीतर घेऊच नको, असं मी त्याला सांगितलं.

टायरच्या भिंतीवरच्या खुणांचा एक वेगळाच घोळ आहे. एम प्लस एस असं लिहिलेलं असतं, म्हणजे मड आणि स्नो, आणि ते बघून नवीन माणूस निर्धास्त होतो. पण ती खूण नक्षीच्या आकारावर मिळते, ठोकळ्यांमध्ये जागा अमुक एवढी आहे का बघतात, बर्फावर चालवून कोणी बघत नाही. दुसरी खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, ती उत्तर अमेरिकेत १९९९ पासून आली. तिला निदान खरी चाचणी आहे, दाबलेल्या बर्फावर ठरवलेल्या नमुना टायरपेक्षा निदान दहा टक्के जास्त ओढ दाखवावी लागते. ओढ, म्हणजे परत तेच, सुटायचं. ब्रेकिंग त्या चाचणीत नाही, निसरड्या थरावरची पकड नाही. आता हल्ली बऱ्याच ऑल-टेरेनवर हा डोंगर असतो आणि ते खोटं नाही, ते टायर साध्या ऑल-टेरेनपेक्षा बरेच बरे असतात, पण डोंगर आहे म्हणजे हिवाळी टायर झाला असं नाही. जेमतेम पास झालेला आणि पहिला आलेला, दोघांच्या भिंतीवर सारखंच चित्र.

कायद्याचंही प्रत्येक प्रांतात वेगळं. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे. ब्रिटिश कोलंबियाच्या बहुतेक महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून लागतात, तिथे एम प्लस एसही चालतो पण नक्षी निदान साडेतीन मिलिमीटर हवी. आणि भाच्याच्या अल्बर्टात, जिथे एवढी थंडी, तिथे सक्तीच नाही. म्हणून तर "कायद्याने लागत नाही" हे त्याचं शेवटचं हत्यार होतं. मी म्हटलं, आपल्याकडे कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत टायर चालतो, पण मी गाडी पावसाळ्यात तिथपर्यंत नेतो का? आणि रिट्रेड करायचा असेल तर त्याच्या कितीतरी आधी उतरवतो, नाहीतर केसिंग जातं.

मला स्वतःला यात जे सगळ्यात आवडलं ते म्हणजे जगातला पहिला हिवाळी टायर ट्रकसाठीच होता. फिनलंडमध्ये १९३४ साली, आज ज्या कंपनीला नोकियन म्हणतात तिने केलिरेंगास नावाचा टायर काढला, बर्फाच्या रस्त्यांवर माल नेणाऱ्या ट्रकांसाठी. मोटारींचा हक्कापेलिता दोन वर्षांनी आला. म्हणजे ही काही श्रीमंतांच्या स्कीइंगची चैन नव्हती, माल पोचवायची गरज होती. हे कळल्यापासून मला त्या टायरबद्दल एकदम धंद्यातली आपुलकी वाटायला लागली. आणि तसं बघितलं तर आम्ही फार लांबही नाही. आमच्या इथून वाघोडियाकडे गेलं की लिमड्याला अपोलोचा कारखाना आहे, आणि २००९ मध्ये अपोलोने नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन विकत घेतली, जी युरोपात हिवाळी टायर विकते. ज्या गावाजवळ मे महिन्यात डांबर पायाला चिकटतं तिथल्या कंपनीच्या घरात बर्फाचे टायर आहेत. पण ते मऊ रबर इथे मेमध्ये चालवलं तर खोडरबरासारखं झिजून जाईल, त्यामुळे तुम्ही मागू नका.

शेवटी गाडी पैशावर आली, येणारच. आणि इथे मी त्याला जिंकलं असं म्हणेन, कारण बडोद्याच्या माणसाला सेफ्टी सांगून उपयोग नसतो, त्याला फक्त दाखवायचं की महाग नाही. दोन सेट म्हणजे दुप्पट खर्च असं वाटतं, पण एक सेट चालत असतो तेव्हा दुसरा झिजत नसतो. पाच-सहा महिने हा, बाकीचे तो, तर दोन्ही मिळून जवळजवळ दोन सेटांचंच आयुष्य मिळतं, पैसे फक्त आधी जातात. वरचा खरा खर्च म्हणजे स्टीलचे साधे रिम आणि हवेच्या दाबाचे सेन्सर. त्यातही युक्ती आहे, ब्रेकच्या कॅलिपरला अडकत नसेल तर एक इंच लहान रिम घ्यायचा, टायर स्वस्त पडतो, थोडा अरुंद मिळतो आणि अरुंद टायर ताज्या बर्फात खाली उतरून रस्ता धरतो. रिमसकट सेट असला की दर सीझनला टायर रिमवरून उतरवायचा नाही, जॅक लावून स्वतःच बदलता येतो. ताईने यात मध्येच रिमची किंमत रुपयांत विचारली आणि ऐकून म्हणाली, एवढ्यात इथे सेकंडहँड ॲक्टिव्हा येते. बरोबर आहे, येते.

तो राहतो फ्लॅटमध्ये, उतरवलेला सेट ठेवायचा कुठे हा प्रश्न मी धरलाच नव्हता, कारण आमच्याकडे यार्ड आहे आणि यार्डात साप निघेपर्यंत टायर पडून असतात. तिकडे टायरची दुकानं सीझनभर सेट सांभाळायचे पैसे घेतात म्हणे. तेही हिशेबात धरलं.

त्याने हिवाळी घेतले. आणि त्याचा रूममेट, तोही आपल्याकडचाच, आणंदचा पटेल, त्याने डोंगराची खूण असलेले ऑल-टेरेन घेतले, आणि खरं सांगायचं तर त्याचंही चुकलं नाही. तो तेलाच्या विहिरींच्या साइटवर जातो, शहराबाहेर, शंभर-शंभर किलोमीटर कच्चे खडीचे रस्ते, जिथे मऊ हिवाळी टायरचे खडीने लचके निघतील, आणि ट्रकवर सामान इतकं की जाड पोटाचे, जास्त वजन पेलणारे लोड रेंज ई वालेच टायर लागतात. शिवाय तो बराचसा दक्षिणेला कॅलगरीच्या बाजूला असतो, तिथे चिनूक नावाचा गरम वारा येतो आणि काही तासांत पारा वीस-वीस अंश वर नेतो, जानेवारीत रस्ते कोरडे. रोज पन्नास घरांच्या गल्ल्यांतून, चौकाचौकात घासून गुळगुळीत झालेल्या बर्फावर थांबत थांबत जाणाऱ्या फर्नेसवाल्याचं काम आणि त्याचं काम वेगळं. दोघांचे ट्रक एकाच पार्किंगमध्ये उभे असतात आणि दोघं रोज भांडतात कोणाचं बरोबर, आणि मला कॉन्फरन्सवर घेतात. मी पटेलला एवढंच म्हणतो, तू शहरात आलास की पुढच्या गाडीपासून लांब राहा. आणि भाच्याला सांगतो की सकाळी हवा चेक कर, कारण थंडीने दर साडेपाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय उतरते, गॅरेजमध्ये शून्याला भरलेली हवा बाहेर उणे तीसला पाच कमी दाखवणार, ती पंक्चर नसते, उगाच टायरवाल्याला पैसे देऊ नको.